पन्नास लिटरची सॅक

सॅक लिटरमध्ये मोजतात हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळलं.

भाच्याचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर टाकीत वाकून पाणी कुठवर उरलंय ते पाहत होतो. आमच्या घरात हे काम पुरुषांचं आहे आणि ते बायकोनं सांगितल्यावर करायचं असतं. भाचा पुण्यात असतो. त्याच्या सोसायटीत नळ सोडला की पाणी येतं, त्यामुळे त्याच्याकडे वेळ उरतो आणि त्या वेळात तो डोंगर चढतो. "मामा, डिसेंबरात हरिश्चंद्रगड. वर तंबूत मुक्काम. तुम्ही येताय," असं त्यानं परस्पर ठरवून सांगितलं आणि लगेच विचारलं, "तुमच्याकडे पन्नास लिटरची आहे का?"

"हजाराची आहे," मी म्हणालो. "सध्या निम्मी आहे."

पलीकडे जरा शांतता पसरली. "मामा, सॅक. सॅक म्हणतोय मी."

तो तरी काय करणार! पाठीवरच्या पिशवीच्या पोटात किती मावतं ते लिटरवर सांगतात: एका दिवसाची वीस-पंचविसाची, मुक्कामाची चाळीस-पन्नासाची, हिमालयात जायचं तर साठ-सत्तरची. पण छत्रपती संभाजीनगरात लिटर या शब्दाला एकच अर्थ आहे. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. काही दिवसांनी येतं. ते काही दिवस किती, हे गल्लीगल्लीवर आणि नशिबावर. दोन माणसं रस्त्यात भेटली की "तुमच्याकडं कधी आलं होतं?" असं विचारतात. काय आलं होतं ते सांगावं लागत नाही. पाहुण्यांना आम्ही या म्हणतो ते मनापासून, फक्त मनातल्या मनात पाण्याचा दिवस मोजून.

गंमत अशी की पाण्याच्या बाबतीत हे गाव मुळीच दरिद्री नाही. पन्नासेक किलोमीटरवर पैठणला जायकवाडी आहे. १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचं लोकार्पण झालं, जलाशयाला नाथसागर म्हणतात, आणि त्याची क्षमता १०२ टीएमसीच्या वर आहे. परवा मी सॅकच्या हिशेबानं गणित मांडून पाहिलं. पन्नास लिटरच्या साधारण पाच हजार आठशे कोटी सॅक होतात. पावसाळ्यात जायकवाडीची टक्केवारी आम्ही पेपरात क्रिकेटच्या धावसंख्येसारखी वाचतो. शंभर टक्के झाली की खेळाडू आपल्याच घरचा असल्यासारखा आनंद होतो आणि मग आम्ही ड्रम विसळून उन्हात उपडे घालतो. चारशे वर्षांपूर्वी मलिक अंबरानं डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीतून या गावात खेळवलं. पाणचक्की पाहायला अजून शाळांच्या सहली येतात. मुलं ते पडणारं पाणी टक लावून पाहतात. दगडी चक्कीकडे फारसं कुणी बघत नाही.

तर अशा गावच्या माणसानं सॅक भरायची होती.

माझ्या लहानपणी सामान लिटरवर नव्हतं, नगांवर होतं. वडिलांच्या बदल्या व्हायच्या आणि आम्ही मनमाड-काचीगुडा मीटरगेजवर कुठल्या ना कुठल्या फलाटावर उभे असायचो. वळकटी एक, ट्रंका दोन, स्टोव्हचं खोकं, पाटा-वरवंटा गोणपाटात. आई बोटांवर मोजायची. "अकरा. अकरा कसे? बारा पाहिजेत." मग तिच्या लक्षात यायचं की बारावा नग मी, आणि मी फलाटाच्या टोकाला इंजिनात पाणी भरताना बघतोय. गाडी सुटेपर्यंत ती मला वळकटीवर बसवून ठेवायची, म्हणजे दोन नग एका नजरेत.

बांधाबांधीचा आमच्या जिल्ह्याला तसा इतिहासच आहे. १३२७ साली महंमद तुघलकानं दिल्लीहून राजधानी उचलून दौलताबादला आणली. हजार किलोमीटरच्या वरची वाट. किती नग असतील, कोण जाणे. काही वर्षांनी पुन्हा बांधा म्हणाला आणि सगळं परत. वेरूळला जाताना किल्ला दिसला की मला सुलतानापेक्षा त्या बायकांचं वाटतं, ज्यांनी दिल्लीत लोणच्याच्या बरण्यांना दादरे बांधले, इथं सोडले आणि पुन्हा बांधले.

आणि याच गावात, बीबी का मकबऱ्याच्या मागच्या डोंगरात, लेण्यांमधून भिक्खू राहून गेले. त्यांचं सामान आठ नग. तीन चीवरं, एक भिक्षापात्र, एक वस्तरा, एक सुई, एक कमरपट्टा आणि एक पाणी गाळायचं फडकं. संपलं. भाच्यानं पाठवलेली यादी त्रेचाळीस ओळींची होती. मी ही तुलना बायकोला ऐकवली. ती कणीक मळत होती. "त्यांना जेवण रोज नव्या घरचं मिळायचं," ती म्हणाली. "तुम्हाला धपाटे न्यायचेत." वाद तिथं संपला.

निघायच्या आदल्या संध्याकाळी हॉलमध्ये जुनी वर्तमानपत्रं पसरून भरणी सुरू झाली. सॅक एका सहकाऱ्याच्या मुलाकडून आणली होती. तिला इतके पट्टे होते की पहिली दहा मिनिटं मी ती उलटी धरली होती. स्लीपिंग बॅग, मॅट, बॅटरी, टोपी, दोन स्वेटर हे यादीतलं. मग घरच्यांचं. बायकोनं धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा आणि एका डबीत येसर दिला. येसर म्हणजे काय ते मराठवाड्याबाहेरच्यांसाठी सांगतो: धान्य आणि मसाले खमंग भाजून दळलेलं पीठ, उकळत्या पाण्यात टाकलं की आमटी तयार. दोन मिनिटांत शिजणाऱ्या शेवयांच्या पुड्या बाजारात यायच्या कितीतरी आधी आमच्या आज्यांनी हा शोध लावून ठेवला होता. फक्त जाहिरात केली नाही. मुलीनं सनस्क्रीन दिलं. शेजारच्या काकूंनी ओवा दिला, कारण गारठ्यात पोट धरतं. मी स्वतःहून घेतली ती एकच गोष्ट, पाणी. एकेक लिटरच्या चार बाटल्या.

तेवढ्यात आई कॉटवरून म्हणाली, "काय भरायलास एवढं? अन् तांब्या कुठंय?"

तांब्या म्हणजे फिरकीचा तांब्या. आईचं वय ऐंशीच्या पुढे आहे. गुडघे होते तोवर ती पैठणहून नाथांच्या पालखीबरोबर पंढरपूरला पायी जायची. खांद्यावर एक पडशी, निम्मी पुढं, निम्मी मागं. कमरेला पट्टा नाही, छातीला पट्टा नाही. पुढच्या पोटात दशम्या संपल्या की मागचं लुगडं पुढं टाकायचं, तोल पुन्हा बरोबर. आणि हातात हा तांब्या. पितळी आहे, रिकामाच पाऊण किलो भरतो. गळ्याला बाहेरून आटे पाडलेत, त्यावर झाकण फिरून बसतं आणि झाकणाचाच पेला होतो. बुडाजवळ एक पोचा आहे. तो कुठल्या मुक्कामात पडला ते आई अजून सांगते आणि दर वेळी वेगळं सांगते. एका बाजूला आजोबांचं नाव कोरलंय, तेही घासून घासून आता नुसत्या बोटालाच लागतं. झाकण इतकं घट्ट बसतं की उघडताना फडकं घ्यावं लागतं, आणि उघडलं की चिंचेचा, पितळेचा आणि जुन्या पाण्याचा मिळून एक वास येतो. तो वास आला की मला दर वेळी आईच्या वारीहून परत येण्याचा दिवस आठवतो. ती दारात चपला काढायची आणि मी आधी तांब्या उघडून त्यात चंद्रभागेचं पाणी आहे का ते बघायचो.

तांब्या गेला सॅकमध्ये. भरून.

मी उभा राहिलो, सॅक पाठीवर घेतली आणि बसलो. ठरवून नव्हे. मग वजन करावं असं ठरलं. घरात काटा नाही, म्हणून कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याकडे गेलो. त्यानं आकड्याला अडकवली. सतरा किलो. त्यानं एकदा सॅककडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि जरा हळू आवाजात विचारलं, "सब देना है क्या, साब?"

रात्री नऊला भाचा दोन मित्रांसह आला, आजीच्या पाया पडला आणि त्यानं माझी सॅक सरळ जमिनीवर ओतली. ही मुलं वजनाच्या बाबतीत सोनारासारखी असतात. टूथब्रशचा दांडा अर्धा कापलेला एक जण त्यात होता. भाच्यानं मला शास्त्र सांगितलं. हलकं खाली, जड ते पाठीला चिकटून दोन खांद्यांच्या मध्ये, लागेल ते वर, आणि ओझं खांद्यानं नाही, कमरेनं उचलायचं. त्याप्रमाणे त्यानं छत्री काढली, दुसरा टॉवेल काढला, वर्तमानपत्र काढलं, ओवा अर्धा केला. भाचा स्वयंपाकघरात गेल्यावर बायकोनं तो पुन्हा पूर्ण केला. वर्तमानपत्र मी मागच्या खणात सरकवलं. हे सगळं हसतखेळत चाललं होतं. मग तो बाटल्यांवर आला.

"मामा, दोन लिटर पुरे. वर पाणी मिळतं."

आता, "मिळतं" हे क्रियापद आमच्या गावात फार जपून वापरतात. मी त्याला समजावलं की कपडे दाबता येतात, मॅट गुंडाळता येते, धपाटे खाता येतात. पाणी तेवढं दाबलं जात नाही. लिटरभर म्हणजे किलोभर, त्यात घासाघीस नाही. म्हणजेच सॅकमधली एकमेव प्रामाणिक वस्तू तीच. त्याला ते पटलं नाही. मग मी कपाटातून आज्ञापत्र काढलं. रामचंद्रपंत अमात्यांनी गड बांधण्याविषयी जे लिहून ठेवलंय त्यात पाणी आधी येतं: जागेवर पाणी आहे का पाहा, नसेल आणि जागा सोडण्यासारखी नसेल तर खडक फोडून टाकी करा. आणि पुढं ते जे सांगतात ते वाचताना मला दर वेळी वाटतं की हा माणूस आमच्या कॉलनीत राहिला असावा. गडावर झरा आहे, पुरेसं पाणी आहे, म्हणून निर्धास्त राहू नका. लढाईत तोफांच्या दणक्यानं झरे आटतात. वेगळी टाकी बांधून साठा ठेवा.

"मामा," भाचा म्हणाला, "तिथं तोफा नसणार."

त्यानं खिशातून गोळ्यांचं पाकीट काढून दाखवलं. क्लोरीनच्या गोळ्या. कुठल्याही झऱ्याचं पाणी घ्यायचं, लिटरला एक गोळी टाकायची, अर्धा तास थांबायचं. सगळ्या पाकिटाचं वजन सुपारीएवढं. मी ते हातात घेऊन पाहिलं. गोळी होती, पाणी नव्हतं. चार बाटल्या आणि तांब्या सॅकमध्ये परत गेले.

पहाटे साडेतीनला जीप निघाली. वाळूज मागं पडलं आणि कायगाव टोक्याच्या पुलावर आलो तेव्हा अजून अंधार होता, पण खाली पाणी आहे हे कळत होतं. नाथसागराची फुग इथवर येते. ड्रायव्हरनं सवयीनं हात जोडले, मी सवयीनं खिडकीतून नाणं टाकलं. पलीकडच्या तीरावर प्रवरासंगम, मग नेवासा, श्रीरामपूर, संगमनेर, अकोले, राजूर. आम्ही धपाटे खात होतो आणि गाडी चढत होती. आपण कशाच्या उलट्या दिशेनं चाललोय हा विचार तेव्हा माझ्या डोक्यात आला असता तर चार किलो वाचले असते.

पाचनई हे पायथ्याचं गाव. तिथून गड दोन-अडीच तासांचा, सगळ्या वाटांत सोपी वाट समजतात. समजणारे पंचविशीतले असतात. पहिल्या चढावर माझ्या लक्षात आलं की पाणी पाठीवर डुचमळत नाही, ते बोलतं. पुढच्या पावलाला डावीकडून, मागच्या पावलाला उजवीकडून. मी थांबलो की तेही थांबे. तिसऱ्या थांब्याला एक गृहस्थ वर निघालेले भेटले. साठीचे असावेत. पायात साध्या चपला, डोक्यावर बटाट्याचं पोतं. वर त्यांची झोपडी, तिथं ते येणाऱ्यांना जेवण करून घालतात. पोतं न उतरवताच ते गप्पांना उभे राहिले, मी मात्र दगडावर बसूनही धापत होतो.

"कुठून आलात?"

"संभाजीनगर."

"म्हणजे जायकवाडी." त्यांनी गावाचं नाव दुरुस्त केल्यासारखं म्हटलं. मग हनुवटीनं खालच्या ओढ्याकडे दाखवलं. "ही मंगळगंगा. वर देवळापासनं निघते. इथं खाली मुळेत जाते. मुळा पुढं प्रवरेत, प्रवरा गंगेत. तुमच्याकडंच येतं की आमचं सगळं."

अकोल्यात गोदावरीला गंगाच म्हणतात. मी मनात नकाशा मांडला. मुळा राहुरीला धरणात थांबते, नेवाशाजवळ प्रवरेला मिळते, प्रवरा टोक्याला गोदावरीत, म्हणजे पहाटे मी ज्यात नाणं टाकलं तिथं, आणि तिथून नाथसागर, मोठा पाइप, आमचा नळ. वरच्या धरणांतून जायकवाडीला किती सोडायचं यावरून नगर-नाशिक आणि मराठवाडा दर टंचाईच्या सालात कोर्टात भांडतात. आणि हा माणूस डोक्यावर पोतं घेऊन ते सगळं एका हनुवटीनं सांगून मोकळा झाला होता.

मग त्यांचं लक्ष माझ्या सॅककडे गेलं. दोन्ही बाजूंच्या जाळीतून बाटल्या दिसत होत्या.

"हे तिकडनं भरून आणलंय?"

"हो."

त्यांनी पोतं जरा सावरलं. "म्हंजी परत वर घेऊन चाललाय," ते म्हणाले. हसले नाहीत. नुसतं समजून घेतल्यासारखी मान हलवली आणि चालू लागले. भाचा मात्र वाटेवर बसून हसला; त्याचे मित्र काय झालं म्हणून खाली उतरून आले. पुढचा दीड तास ती गोष्ट माझ्या पुढं पुढं वर गेली आणि मी पोचलो तेव्हा झोपड्यांतल्या बायकासुद्धा माझ्याकडे ओळखीनं बघत होत्या.

यावर उपाय सोपा होता. भाच्यानं तो सांगितलाही: तीन बाटल्या ओतून द्या. मी झाकण उघडलं, बाटली तिरपी केली आणि हात थांबला. चांगलं, प्यायचं, गाळलेलं पाणी दगडावर ओतायचं? माझ्या सबंध आयुष्यात मी असं पाणी ओतलेलं नाही. आमच्याकडे तांदूळ धुतलेलं पाणी झाडाला जातं, कपड्यांचं अंगणाला. मी झाकण लावलं.

गडाबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिलंय. कोकणकडा पाहिला; तो आत वळलेला आहे, त्यामुळे काठावर पोटावर झोपून बघावं लागतं आणि तेवढा एक वेळ सॅक पाठीवर नसते. १८३५ साली कर्नल साइक्स नावाच्या साहेबाला इथं गोल इंद्रधनुष्य दिसलं होतं, आम्हाला थंडी दिसली. जेवायला त्या गृहस्थांच्या झोपडीत पिठलं, बाजरीची भाकरी आणि कांदा होता. धपाटे कुणी काढलेच नाहीत. केदारेश्वराच्या गुहेत मात्र मी बराच वेळ उभा राहिलो. एका खोलीएवढ्या जागेत मधोमध भलीमोठी पिंड, चार खांबांपैकी एकच शाबूत, आणि भोवती कमरेएवढं बर्फासारखं पाणी. लोक त्यातून प्रदक्षिणा घालत होते. मी हात जोडले. पण खरं सांगायचं तर डोळे मिटल्यावर मला देव दिसला नाही, लांबी-रुंदी-उंची दिसली, आणि त्याला दोनशेनं भागून ड्रम.

रात्री तंबूत जमिनीतून गारठा चढायला लागला तेव्हा मॅट पुरेना. मी मागच्या खणातून वर्तमानपत्र काढून खाली पसरलं. ते सप्टेंबरातलं निघालं. बॅटरीच्या उजेडात पहिल्या पानावर जायकवाडीची टक्केवारी दिसली. चांगली होती. मी तिच्यावर झोपलो आणि गाढ झोपलो. मध्यरात्री भाच्यानं हळूच विचारलं, "मामा, पेपर उरलाय का?" मी त्याला क्रीडा पान दिलं.

सकाळी निघताना आईसाठी म्हणून तांब्या रिकामा करून झऱ्यावर भरला. (रिकामा केला म्हणजे पाणी ओतलं नाही, तिथल्या एका कुत्र्याला पाजलं.) भाच्यानं पाकीट पुढं केलं. आजीला द्यायचं तर गोळी टाकलीच पाहिजे, यावर तो अडून बसला. टाकली. झाकण फिरवून मी फडक्यानं घट्ट केलं.

रविवारी रात्री घरी पोचलो. दार उघडल्याबरोबर मी विचारलं, "पाणी आलं होतं का?"

"उद्या म्हणतात," बायको म्हणाली. तिनं सॅकमधून बाटल्या काढल्या. चारातल्या अडीच भरलेल्या होत्या. तिनं काही विचारलं नाही. एकेक उजेडात धरून पाहिली आणि माठात ओतली.

आई जागीच होती. मी तांब्या तिच्यापुढं ठेवला आणि सांगितलं, गडावरचं आहे, देवळाजवळच्या झऱ्याचं. तिनं पदरानं झाकण धरून उघडलं, आधी वास घेतला, मग झाकणात ओतून एक घोट तोंडात घोळवला. वारीत गावोगावचं पाणी प्यायलेली बाई आहे. तिला पाण्यातलं कळतं.

"आपल्या नळाचंच लागायलंय की रे," ती म्हणाली, आणि झाकण फिरवून बंद केलं.